हृदयाची चित्रे आणि त्यांचा अर्थ

हृदय छातीच्या पिंजऱ्यात, फुप्फुसांच्या आड बसलेले असते. त्याची चाहूल बाहेर लागते. ते स्वतः मात्र दिसत नाही. शतकानुशतके वैद्याला ह्या चाहुलीवरच विसंबून राहावे लागले. नाडीवर बोटे ठेवून तिची गती आणि जोर पाहावयाचा, छातीला कान लावून ठोके ऐकावयाचे आणि त्यावरून आतील स्थितीचा तर्क बांधावयाचा, अशीच रीत होती. पॅरिसच्या रेने लेनेक ह्या वैद्याने १८१६ साली कागदाची सुरळी करून तिचे एक टोक रुग्णाच्या छातीवर व दुसरे आपल्या कानाशी धरले, आणि त्यातून स्टेथॉस्कोपचा जन्म झाला. १८९५ साली राँटगेन ह्यांना क्ष-किरणांचा शोध लागल्यावर हृदयाची निदान सावली तरी दिसू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी आइन्थोव्हेन ह्यांच्या उपकरणाने हृदयातील विद्युत्‌प्रवाहाचा आलेख काढता येऊ लागला. परंतु झडप कशी हलते, स्नायू कोठे दुबळा झाला आहे, त्याला रक्त पुरविणारी रोहिणी कोठे अरुंद झाली आहे, हे जिवंत माणसात पाहण्याची सोय ह्यांपैकी कशानेच झाली नव्हती.

आज ती सोय झालेली आहे. ध्वनी, क्ष-किरण, किरणोत्सारी द्रव्य आणि चुंबक ह्या चार साधनांनी, हृदयापर्यंत नळी न घालता व शस्त्र न लावता, हृदयाची चित्रे घेता येतात. श्रोतेहो, ह्या तपासण्यांची ओळख करून देणे हा आजच्या भाषणाचा एक हेतू आहे. पण तेवढाच नव्हे. ‘इको केला, नॉर्मल आला, आता हृदयाची काळजी मिटली’ असे उद्गार आपल्या कानांवर वरचेवर येतात. ह्या उद्गारांत एक गैरसमज दडलेला आहे, आणि तो कधी कधी प्राणावर बेततो. प्रत्येक तपासणी एका ठराविक प्रश्नाचे उत्तर देत असते. जो प्रश्न तिला विचारलेलाच नाही, त्याचे उत्तर तिच्या अहवालात शोधून उपयोग नाही. कोणती तपासणी कोणता प्रश्न सोडविते, हे ज्याला ठाऊक आहे त्याची फसगत सहसा होणार नाही.

प्रथम आतून पाहण्याचे प्रयत्न झाले. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच दंडातील नीलेतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत नेली आणि क्ष-किरणांचे चित्र घेऊन ती तेथे पोचल्याचे दाखविले. ह्या साहसाचे चीज व्हावयास सत्तावीस वर्षे लागली; १९५६ साली त्यांना दोघा सहकारी संशोधकांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स ह्यांच्या हातून एका रुग्णाच्या हृदय-रोहिणीत क्ष-किरणांना अपारदर्शक असे द्रव्य अनपेक्षितपणे शिरले. रुग्ण बचावला, आणि हृदयाला पोसणाऱ्या रोहिण्यांचे स्वतंत्र चित्र घेता येते हे सिद्ध झाले. हीच आजची अँजिओग्राफी. ती आता पुष्कळच सुरक्षित झाली आहे. तथापि रोहिणीत नळी घालावयाची म्हणजे रक्तस्राव, रोहिणीला इजा, क्वचित पक्षाघात असे धोके थोड्या प्रमाणात का होईना राहतातच. म्हणून, ज्याला तिची खरोखर गरज आहे तो रुग्ण आधी बाहेरूनच ओळखता येईल काय, हा प्रश्न पुढे आला.

त्याचे पहिले मोठे उत्तर स्वीडनमधून आले. लुंड येथील हृद्‌रोगतज्ज्ञ इंगे एडलर ह्यांच्यापुढे एक व्यावहारिक अडचण होती. संधिवाताच्या तापाने हृदयाची डावीकडील झडप, म्हणजे मायट्रल झडप, आकसून अरुंद झालेल्या रुग्णांवर तेव्हा शस्त्रक्रिया होऊ लागल्या होत्या. पण झडप नेमकी किती बिघडली आहे हे आधी सांगण्याचे खात्रीचे साधन नव्हते. हेलमुट हेर्ट्‌झ ह्या पदार्थवैज्ञानिकाला त्यांनी आपली अडचण सांगितली. जहाजाच्या धातूत आतून चीर गेली आहे की काय, हे माल्मो येथील गोदीत ध्वनिलहरींनी तपासीत असत. तेथील उपकरण दोघांनी उसने आणून पाहिले आणि त्यानंतर, दुसरे उपकरण मिळवून, २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाच्या हालचालीचा प्रतिध्वनी प्रथम नोंदविला. लोखंडातील दोष शोधणारे यंत्र अशा रीतीने हृदयातील दोष शोधू लागले.

ह्या यंत्राचे तत्त्व साधे आहे. मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. इको-तपासणीत त्याच्या शंभरपटीहून अधिक, म्हणजे सेकंदाला वीस लाख वा त्याहून जास्त कंपनांचा ध्वनी छातीवर टेकविलेल्या छोट्याशा उपकरणातून आत सोडतात. शरीरातील मऊ भागांतून हा ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो, आणि जेथे एक प्रकारचा पदार्थ संपून दुसरा सुरू होतो तेथून त्याचा काही अंश परत फिरतो. प्रतिध्वनी किती वेळाने परतला ह्यावरून अंतर कळते, आणि अशा असंख्य अंतरांतून हलते चित्र तयार होते. त्यात किरणोत्सर्ग नाही, वेदना नाही. गर्भवती स्त्रीवरही तपासणी निर्धास्तपणे करता येते. हे यंत्र श्राव्यातीत ध्वनीचे असल्यामुळे आपल्या देशात १९९४ च्या गर्भलिंगनिदानविषयक कायद्याखाली त्याचीही नोंदणी करावी लागते. हृद्‌रोगाच्या दवाखान्यातही ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी आढळते ती त्यामुळेच.

ध्वनीचा दुसरा उपयोग ऑस्ट्रियाच्या डॉप्लर ह्यांनी १८४२ साली मांडलेल्या तत्त्वावर आधारलेला आहे. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी कर्कश आणि दूर जाणाऱ्या गाडीची खर्जातली वाटते. तसाच वाहत्या रक्तावरून परतलेल्या ध्वनीचा स्वर बदलतो, आणि त्यावरून रक्ताचा वेग मोजता येतो. वेगावरून दाबातील फरक काढण्याचे एक सोपे सूत्र आहे: सेकंदाला मीटरमध्ये मोजलेल्या वेगाचा वर्ग करून त्यास चाराने गुणावयाचे. महारोहिणीच्या झडपेतून रक्त सेकंदाला ४ मीटर वेगाने उसळत असेल, तर झडपेच्या दोन बाजूंच्या दाबांत पाऱ्याच्या ६४ मिलिमीटर इतका कमाल फरक आहे, अर्थात झडप फारच अरुंद झाली आहे, असे ठरते. पूर्वी एवढी माहिती मिळविण्यासाठी हृदयात नळी घालावी लागे.

झडपांचे दोष, जन्मजात छिद्रे, हृदयाभोवती साचलेले पाणी आणि स्नायूंची आकुंचनशक्ती, ह्या सर्वांसाठी इको हीच प्रथम करावयाची तपासणी होय. डावा खालचा कप्पा प्रत्येक ठोक्याला आपल्यातील निम्म्याहून थोडे अधिक रक्त बाहेर लोटतो. हे प्रमाण ४० टक्के वा त्याखाली गेले तर हृदयाची शक्ती स्पष्टपणे क्षीण झाली असे समजतात. आपल्या देशात घशाच्या जंतुसंसर्गातून उद्भवणारा संधिवाताचा ताप अद्याप नाहीसा झालेला नाही. धाप लागणाऱ्या तरुण स्त्रीच्या झडपेची स्थिती, आणि ती झडप शस्त्रक्रियेवाचून फुग्याच्या साहाय्याने उघडता येईल की नाही, हे इकोवरूनच ठरविले जाते.

परंतु ह्याच इतिहासातील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. एडलर ह्यांना आपल्या आलेखात एक ठळक हलती रेषा दिसे. ती डाव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीची असावी असा त्यांचा प्रथम समज होता. पुढे मृत शरीरांवर अभ्यास केल्यावर ती मायट्रल झडपेच्या पाकळीची आहे असे निष्पन्न झाले. प्रतिध्वनी खरा होता; त्याचा अर्थ तेवढा चुकला होता. यंत्र खुणा देते, अर्थ माणसाने लावावयाचा असतो, हे ह्या शास्त्राच्या पहिल्याच पानावर लिहिलेले आहे.

आता ज्या गैरसमजाचा आरंभी उल्लेख केला त्याकडे वळू. नेहमीची इको-तपासणी हृदयाचा स्नायू आणि झडपा दाखविते. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या आतून किती अरुंद झाल्या आहेत हे ती दाखवीत नाही. ह्या रोहिण्या अवघ्या काही मिलिमीटर रुंदीच्या असतात. त्यांच्या भिंतीत मेदाचा थर साचत जातो. तरीही रुग्ण पलंगावर शांत पडलेला असताना स्नायूला पुरेसे रक्त मिळते, आणि इकोत तो उत्तम हलताना दिसतो. के. लान्स गूल्ड ह्यांनी १९७४ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले की रोहिणीची रुंदी सुमारे निम्म्याने घटली म्हणजे श्रमाच्या वेळचा वाढीव प्रवाह कमी पडू लागतो. पण विश्रांतीच्या वेळचा प्रवाह रुंदी सुमारे ८५ टक्क्यांनी घटेपर्यंत टिकून राहतो. पाटाच्या चारीत गाळ साचला तरी पावसाळ्यात तो कोणाच्या ध्यानात येत नाही. उन्हाळ्यात शेवटच्या वाफ्याला पाणी पोचेनासे झाले म्हणजे कळते. हृदयाचेही तसेच आहे. म्हणून चढ चढताना छातीत दाब येतो आणि थांबल्यावर ओसरतो, अशी तक्रार असलेल्या माणसाने विश्रांतीतील इको चांगला आला म्हणून ती तक्रार मनाआड करणे धोक्याचे आहे.

अशा रुग्णाच्या बाबतीत दोन निराळे प्रश्न उभे राहतात. रोहिणीत अडथळा आहे काय, हा एक. आणि त्या अडथळ्यामुळे स्नायूला रक्त कमी पडते काय, हा दुसरा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हवे असेल तर हृदयाला श्रम दिले पाहिजेत. रुग्णाला चालत्या पट्ट्यावर चालवून, किंवा औषधाने हृदयाची गती वाढवून, लगेच इको करतात. ज्या भागाला रक्त कमी पडते तो भाग नीट आकुंचन पावत नाही. किरणोत्सारी द्रव्याच्या तपासणीत श्रमाच्या ऐन भरात टेक्नेशियमयुक्त द्रव्य हाताच्या नीलेतून देतात. ते रक्ताबरोबर स्नायूत जाऊन बसते आणि त्यातून निघणारे किरण बाहेरील कॅमेरा टिपतो. श्रमाच्या वेळी फिका व विश्रांतीत पूर्ववत दिसणारा भाग उपाशी पण जिवंत असतो. दोन्ही वेळी फिका दिसणारा भाग बहुधा मृत झालेला असतो. ह्या टेक्नेशियमची शक्ती दर सहा तासांनी निम्मी होत जाते, त्यामुळे ते शरीरात फार काळ उपद्रव देत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सी.टी. देते. हाउन्सफील्ड व कॉरमॅक ह्यांना ज्यासाठी १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेच हे तंत्र. परंतु मेंदू स्थिर असतो आणि हृदय क्षणभरही थांबत नाही. म्हणून हृदय-रोहिण्यांचे स्पष्ट चित्र मिळण्यासाठी एकविसावे शतक उजाडावे लागले. ह्या तपासणीत हाताच्या नीलेतून आयोडीनयुक्त द्रव्य देतात, रुग्ण काही सेकंद श्वास रोखतो, आणि ठोके मिनिटाला साठाच्या आसपास यावेत म्हणून पुष्कळदा आधी औषध दिले जाते. रोहिणीची पोकळीच नव्हे, तर भिंतीतील थरही दिसतो, हा ह्या चित्राचा विशेष. पोकळी अद्याप मोकळी असतानाच रोगाचा आरंभ झाल्याचे त्यावरून कळू शकते. मात्र भिंतीत चुना फार साचला असेल तर त्याच्या झगमगाटाने अडथळा असेल त्याहून मोठा भासतो. मूत्रपिंडे दुबळी असलेल्यांना आयोडीनयुक्त द्रव्य जपूनच द्यावे लागते.

चौथे साधन चुंबकाचे, म्हणजे एम.आर.आय. त्यातही क्ष-किरण नाहीत. गॅडोलिनियम ह्या धातूचे संयुग नीलेतून दिल्यावर निरोगी स्नायूतून ते लवकर निघून जाते, पण व्रण झालेल्या भागात रेंगाळते आणि चित्रात तो भाग उजळ दिसतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाच्या स्नायूचा किती भाग मेला आणि किती वाचविण्याजोगा आहे, किंवा हृदय दुबळे झाले ते रोहिणीच्या रोगाने की स्नायूच्याच दाहाने, हा भेद ह्या चित्रातून बराच स्पष्ट होतो. तपासणी वेळखाऊ व महाग आहे, आणि शरीरात पेसमेकर वा अन्य धातू असेल तर ते आधी सांगणे अत्यावश्यक आहे.

इतकी साधने हाताशी असताना सर्वांच्या सर्व तपासण्या का करू नयेत, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर थोड्याशा हिशेबात आहे. समजा, एखादी तपासणी शंभर रोग्यांपैकी नव्वदांचा रोग ओळखते आणि शंभर निरोग्यांपैकी नव्वदांना निर्दोष ठरविते. ज्यांना काही तक्रार नाही अशा एक हजार तरुणांवर ती केली, आणि त्यांतील पन्नासांना खरोखर रोग आहे असे धरले, तर पंचेचाळीस रोगी सापडतील. पण साडेनऊशे निरोग्यांपैकी पंचाण्णवांवरही रोगाचा शिक्का बसेल. म्हणजे दोषी ठरलेल्या एकशेचाळीस जणांत खरे रोगी एक-तृतीयांशाहून कमी. हीच तपासणी, ज्यांच्यापैकी निम्म्यांना रोग असण्याचा संभव आहे अशा एक हजार जणांवर केली, तर दोषी ठरलेल्या पाचशेंपैकी साडेचारशे खरे रोगी निघतील. यंत्र तेच, चित्र तेच. पण त्याची किंमत तपासणीपूर्वीच्या संभवावर ठरली. डायमंड आणि फॉरेस्टर ह्या दोघा अमेरिकी वैद्यांनी १९७९ साली हा विचार हृद्‌रोगाच्या निदानास पद्धतशीर रीतीने लागू केला. वय, स्त्री की पुरुष, आणि वेदनेचे स्वरूप, एवढ्यावरून त्यांनी तपासणीपूर्वीचा संभव मांडला होता. म्हणजे रुग्णाची हकिगत नीट ऐकणे हाच तपासणीचा पहिला भाग होय.

हकिगत आणि चित्र ह्यांची सांगड नीट बसली नाही म्हणजे काय होते, ह्याची साक्ष अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीने २०१० साली दिली. पूर्वी हृद्‌रोगाचे निदान न झालेल्या आणि तातडी नसताना नळी घालून अँजिओग्राफी केलेल्या सुमारे चार लाख रुग्णांपैकी रोहिणीत लक्षणीय अडथळा आढळला तो जेमतेम ३८ टक्क्यांत. ह्यांपैकी बहुतेकांची आधी बाहेरून एखादी तपासणीही झाली होती.

मग ही चित्रे रुग्णाचे आयुष्य वाढवितात काय? स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांचे दोन गट पाडून एका गटाला नेहमीच्या उपचाराबरोबर सी.टी. चित्राची जोड दिली होती. २०१८ साली पाच वर्षांचा ताळा प्रसिद्ध झाला. हृदय-रोहिणीच्या रोगाने मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका, ह्या आपत्ती चित्र घेतलेल्या गटात ४८ जणांवर, तर दुसऱ्या गटात ८१ जणांवर आल्या होत्या. पाच वर्षांच्या अखेरीस दोन्ही गटांत नळी घालून केलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया जवळजवळ सारख्याच होत्या. फरक पडला तो मुख्यतः, भिंतीतील रोग दिसल्यामुळे योग्य माणसांना कोलेस्टेरॉल उतरविणारी व रक्ताची गुठळी टाळणारी औषधे सुरू झाली म्हणून, असे संशोधकांचे मत आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह ३७ देशांतील ५,१७९ रुग्णांच्या दुसऱ्या एका अभ्यासात, प्रकृती स्थिर असलेल्या पण श्रमात रक्त कमी पडणाऱ्या रुग्णांना सरसकट लवकर अँजिओग्राफी व तदनुषंगिक उपचार केल्याने, उत्तम औषधोपचाराच्या तुलनेत, मृत्यू वा झटक्यांचे प्रमाण घटले नाही. वेदना मात्र अधिक कमी झाली. चित्रात अडथळा दिसला म्हणजे तो तत्काळ फोडलाच पाहिजे असे नव्हे, हा त्याचा बोध.

किरणोत्सर्गाचाही विचार केला पाहिजे. निसर्गतःच आपल्याला वर्षाकाठी सरासरी अडीच मिलिसीव्हर्टच्या आसपास किरणोत्सर्ग मिळतो. आधुनिक यंत्रावरील हृदयाच्या सी.टी.त पुष्कळदा त्याच्या एक-दोन पटींइतका, आणि किरणोत्सारी द्रव्याच्या तपासणीत त्याच्या तीन-चार पटींपर्यंत मिळू शकतो. गरज असेल तेथे हा धोका अल्प आहे. गरज नसेल तेथे तो घेण्याचे काही कारण नाही.

ह्या सर्व विवेचनाला एक मोठा अपवाद आहे. छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखी वेदना काही मिनिटांत ओसरत नसेल, ती हातात, जबड्यात वा पाठीत जात असेल, घाम सुटत असेल, तर ती वेळ चित्रांची वाट पाहण्याची नव्हे. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया ह्यांच्यात वेदनेऐवजी केवळ धाप, मळमळ किंवा एकाएकी आलेला अशक्तपणा हेच लक्षण असू शकते. अशा वेळी तडक रुग्णालयात पोचावे. तेथे पोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत विद्युत्‌-आलेख, म्हणजे ई.सी.जी., निघावा असा वैद्यकाचा दंडक आहे. आणि पहिला आलेख निर्दोष असला तरी लक्षणे टिकून असल्यास तो पुनःपुन्हा काढतात, रक्तातील ट्रोपोनिन तपासतात. गेल्या महिन्यातील इकोचा चांगला अहवाल ह्या घटकेला काहीही सिद्ध करीत नाही. पुष्कळ झटके फारशा अरुंद न झालेल्या रोहिणीतील थर अकस्मात फुटून त्यावर गुठळी धरल्याने येतात, आणि आपल्या देशात हा विकार तुलनेने तरुण वयातही गाठतो.

एरवी, तातडी नसताना, तपासणी सुचविली गेली तर डॉक्टरांना दोन गोष्टी विनासंकोच विचाराव्यात: ही तपासणी नेमका कोणता प्रश्न सोडविणार आहे, आणि उत्तर होकारार्थी आले तर काय करावयाचे व नकारार्थी आले तर काय. चांगल्या वैद्याला ह्या प्रश्नांचा राग येत नाही. आपली तक्रार मात्र त्यांना तपशीलवार सांगावी: वेदना केव्हा येते, किती चालल्यावर येते, कशाने थांबते, घरात कोणाला हृद्‌रोग होता काय, तंबाखूची सवय आहे काय. जुने अहवाल व चित्रे जपून ठेवावीत आणि प्रत्येक वेळी बरोबर न्यावीत. कारण झडपेतील वा स्नायूतील बदल पुष्कळदा दोन वर्षांच्या दोन चित्रांची तुलना केल्यावरच उघड होतो. आणि सर्व चित्रे निर्दोष आली तरी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल व तंबाखू ह्यांचा बंदोबस्त करण्याचे काम आपलेच राहते. ते कोणतेही यंत्र आपल्याऐवजी करीत नाही.